हातांचा फोटो

आमच्या मावशी शीव कोळीवाड्यातल्या. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणायची आणि दुपारपर्यंत पाटीसमोर बसायचं, ही त्यांची तीसेक वर्षांची रीत. पापलेट घ्यावं तर त्यांच्याकडूनच, असा माझा हट्ट. पण भर मे महिन्यात लांब बाह्यांचं पोलकं आणि हातात रबरी मोजे कशाला, हे कोडं मला फार उशिरा सुटलं. मावशींना सोरायसिस आहे. तळहातांना भेगा, कोपरांवर लाल चट्टे, त्यावर रुपेरी कोंडा. बर्फ, खारं पाणी आणि माशांचे काटे यांत दिवस काढणाऱ्या बाईला नेमकं हेच दुखणं यावं!

मैत्रिणींनो, हा आजार शिवल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडून कामाला लागते आणि कातडीच्या पेशी भराभर वाढत राहतात. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये ठरावच केला, की हा दीर्घकाळ चालणारा, पण न पसरणारा आजार आहे. आता गिऱ्हाईक काही ठराव वाचून मासे घ्यायला येत नाही, ही गोष्ट वेगळी.

उपचार आहेत. मलमं आहेत, मेथोट्रेक्सेटसारख्या स्वस्त गोळ्या आहेत, पण त्यांच्यासोबत रक्ताच्या तपासण्या आल्या. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या लागू पडल्या नाहीत तर ‘बायोलॉजिक’ म्हणतात ती इंजेक्शनं. त्यातलं एक पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला घ्यावं लागतं. वर्षाचा हिशेब लाखांत जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. मावशी दाखल होत नाहीत, त्या रोज धंद्यावर बसतात. आजार मारत नाही आणि सोडतही नाही!

भाचीने सुचवलं, “आत्या, ऑनलाइन पैसे जमवूया.” मावशींना आधी कळेचना. मग म्हणाल्या, “म्हंजे वर्गणीच की!” अगदी बरोबर. गणपतीला, देवळाला, कुणाच्या आजारपणाला वर्गणी आपण काढतोच. फरक इतकाच, की इथे दारोदार पावतीपुस्तक फिरत नाही. मिलाप २०१० मध्ये सुरू झालं, केटो २०१२ मध्ये, इम्पॅक्ट गुरू २०१४ मध्ये. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी असेच पैसे उभे केले होते, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही असं दालन उघडलं, पण ते फक्त दुर्मीळ आजारांसाठी. सोरायसिस कसला दुर्मीळ? आपल्या गल्लीतही कुणी तरी बाह्या ओढून बसलेलं असेल.

अर्ज भरायला बसल्यावर खरी अडचण कळली. डॉक्टरांचं पत्र, खर्चाचा अंदाज, ओळखपत्र, हे सगळं जमवता येतं. पण ऑपरेशनला तारीख असते, ठरलेला आकडा असतो. दरमहा लागणाऱ्या औषधाचा आकडा किती लिहायचा, आणि पुढच्या वर्षी काय? जमलेला पैसा अनेकदा थेट रुग्णालयाला जातो, मग दुकानातून घ्यायच्या औषधांचं काय, हेही आधी विचारून घ्यावं लागतं. काही ठिकाणी शुल्क कापतात, काही ठिकाणी देणाऱ्याकडून वर ‘टिप’ मागतात. तेव्हा आधी नीट वाचा बरं का. शिवाय एखाद्या व्यक्तीला असे थेट पैसे दिले तर प्राप्तिकरात ‘८०जी’ची सवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते.

आणि शेवटी फोटो. फोटो नसला तर कुणी थांबून वाचत नाही, असं भाची म्हणाली. मावशी गप्प झाल्या. तीस वर्षं जे पोलक्यात झाकलं, ते जगापुढे मांडायचं? घरात लग्नाची मुलगी. “पोरीला कोण विचारील मग?” खरं सांगते, मलाही उत्तर सुचलं नाही. दोन दिवस घरात वाद झाला. मग तोडगा निघाला. चेहरा नाही, नाव अर्धवट, नुसते हात. मोबाइलवर फोटो काढताना मावशींनी हिरव्या बांगड्या मात्र उतरवल्या नाहीत.

मागितले त्याच्या पाव हिस्साही अजून जमलेले नाहीत. जमले ते बहुतेक नात्यातल्यांचे आणि बाजारातल्या बायकांचेच. पण आठवड्याभरात दादरहून एका जुन्या गिऱ्हाईकबाईंचा फोन आला. बांगड्यांवरून त्यांनी ओळखलं होतं. “हे हात तुमचेच ना हो?” मावशींनी हो म्हटलं. बाईंनी लगेच पाचशे रुपये पाठवले.

त्यानंतर त्या मासे घ्यायला आलेल्या नाहीत. मावशी अजून त्यांच्यासाठी शुक्रवारी दोन पापलेटं बाजूला काढून ठेवतात. दुपारी ती विकून टाकतात.