पातळ रंगाची सत्तर वर्षं

1950 नंतर ब्रिटनमध्ये एअरफिक्स कंपनीचे जोडून रंगवायच्या प्लॅस्टिकच्या विमान-मॉडेलांचे संच घरोघरी पोचले, आणि त्यांच्याबरोबर हल शहरात बनणाऱ्या हम्ब्रॉल इनॅमल रंगाच्या इवल्या डब्या. रंग दाटला की व्हाइट स्पिरिट घालायचं आणि ब्रशही त्यातच धुवायचा. इनॅमल सुकायला कित्येक तास लागत. पण तेवढ्या वेळात रंग पसरून ब्रशच्या रेषा बुजून जात.

त्याच दशकात, 1953 साली, अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीनं अ‍ॅक्रिलिक इमल्शन बाजारात आणलं. पाण्यात विखुरलेले अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांना चिकटतात आणि सलग थर तयार होतो. भिंती आणि चित्रं रंगवणारं हे तंत्र पुढे मॉडेलकारांच्या टेबलावर आलं. उग्र वास गेला, नवा पेच आला. रंगात नुसतं पाणी वाढवलं की कणांमधली पकड विरळ होते. शिवाय पृष्ठताणामुळे मॉडेलच्या गुळगुळीत पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकवर रंगाचे थेंब गोळा होतात.

दुसरा धडा जपानमुळे मिळाला. शिझुओकाच्या तामिया कंपनीच्या बाटलीवरही अ‍ॅक्रिलिकच लिहिलेलं, पण तो रंग अल्कोहोलशी जमवून घेणारा. त्याचं एक्स-20ए थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, एअरब्रशमध्ये सुरेख चालतं. तेच थिनर 1969 पासून स्पेनमध्ये स्थिरावलेल्या व्हायेहो कंपनीच्या रंगात घातलं, तर गुठळ्या होतात. व्हाइट स्पिरिटसारख्या एकाच सर्वगुणी थिनरचा काळ इथे संपला. कोणत्या रंगाला कोणता द्रव, हे शिकणं भाग पडलं.

ब्रश आणि एअरब्रश यांच्या गरजाही वेगळ्या निघाल्या. ब्रशला रंग थोडाच पातळ हवा, सोबत सुकणं लांबवणारा रिटार्डर. आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर. तामियाच्या रंगात घाई केली तर वरचा हात खालचा थर उचलतो. एअरब्रशला मात्र दुधाइतका पातळ रंग आणि साधारण 15 ते 20 पीएसआय दाब लागतो. रंग दाट राहिला तर सुईच्या टोकावर सुकतो; फार पातळ झाला तर पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखा फाकतो. वास सौम्य असला तरी फवाऱ्याचे कण फुफ्फुसात जातातच, म्हणून मास्क हवाच.

आज प्रत्येक कंपनीचं स्वतःचं थिनर मिळतं, ही मोठी सोय आहे. तरीही मिश्रण आधी टाकाऊ प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून पाहावं. हवेतला दमटपणा, नोझलचं माप आणि आपला हात यांचा हिशेब कुठल्याच लेबलवर छापलेला नसतो.