चूल तिकडची, सवय इकडची

पूर्वी आमच्या भोकरची लेक दूर दिली म्हणजे फार तर आदिलाबाद, निजामाबाद, नाही तर हैदराबाद. सकाळी बस धरली की संध्याकाळपर्यंत लेकीच्या दारात. आता आमच्याच गल्लीतल्या पोरी न्यू जर्सीत नि टेक्सासात नांदायला जातात. जावई कॉम्प्युटरमधला म्हटलं की घरदार हरखून जातं. मग बॅगा भरायला घ्यायच्या. येसराचा मसाला, शेंगदाण्याची चटणी, धपाट्याचं पीठ, लिंबाचं लोणचं. वजनकाट्यावर चढवून-उतरवून चार वेळा सगळं होतं. पण मैत्रिणींनो, तिथं गेल्यावर दिवस कसा काढायचा, हे मात्र या पोरींना कुणीच सांगत नाही.

समाजकार्याच्या निमित्ताने अशा बऱ्याच मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलणं होतं. ऐकावं ते नवलच! घरं लाकडी, त्यामुळे आगीची धास्ती मोठी. फोडणीत मिरची पडली रे पडली की छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागतं. एक जण तर टॉवेलने वारा घालत, दारं-खिडक्या उघडत नुसती रडत बसली होती. बऱ्याच घरांत शेगडी विजेची, वरून काचेसारखी सपाट. जाळ नाही, तर भाकरी फुगवायची कशी? मग जाळी ठेवून बघ, तव्यावरच कापडाने दाबून बघ. महिनाभरात जमतं म्हणा. ज्वारीचं पीठही भारतीय दुकानात मिळतं, फक्त दुकान कोपऱ्यावर नसतं, गाडीने जावं लागतं. आणि गाडी तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची!

खरी पंचाईत इथंच आहे. गाडी येत नाही म्हणजे पाय नाही. नवरा सकाळी निघून जातो, दारात ना भाजीवाली, ना बोलायला शेजारीण. दुपारची ती शांतता खायला उठते, असं एकीने सांगितलं. आईला फोन लावावा तर इकडं मध्यरात्र. आपले रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. हो, तिकडं वर्षातून दोनदा घड्याळच मागंपुढं करतात!

नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असणाऱ्या बायकोला मिळतो तो एच-फोर व्हिसा. त्यावर कमावण्याची मुभा पूर्वी नव्हतीच. २०१५ मध्ये नियम निघाला, पण तोही नवऱ्याच्या ग्रीनकार्डाची कारवाई ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच, आणि परवाना वेगळा काढावा लागतो. बी.एस्सी., बी.ई. झालेली पोरगी वर्षानुवर्षं घरात बसते नि दहा डॉलर लागले तरी मागून घेते. बहुतेक नवरे समजूतदार असतात, नाही असं नाही. पण एखादा वाईट निघाला तर? म्हणून लग्न ठरवतानाच मी आयांना सांगते, पासपोर्ट मुलीच्या स्वतःच्या हातात हवा. कागदांच्या प्रती माहेरी हव्यात, तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर पाठ हवा. परदेशातल्या विवाहांत फसलेल्या स्त्रियांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. सोनं किती घालायचं यावर आपण चार बैठका घेतो, मग यावर एक तरी घ्यायला काय हरकत आहे?

आपल्या बायकांना हे नवीन मात्र नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. सोबत नवरासुद्धा नाही. नऊवारीत पिंडऱ्या उघड्या दिसतात, तिकडं ते चालेना, म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. फिलाडेल्फियाच्या खोलीतली शेकोटी धड नव्हती, पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. शाकाहार कटाक्षाने पाळलेला. ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि वर्ष व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने गेल्या. त्यांचं शिक्षण आपण शाळेत वाचतो, ती शेकोटी कुणी सांगत नाही.

दुसऱ्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. मला त्या जास्त जवळच्या वाटतात. १८७० चा जन्म, लहान वयात वैधव्य. पन्नाशीला टेकल्यावर, १९१८ च्या सुमारास, इंग्रजी शिकायला आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी पैसा जमवायला त्या अमेरिकेला गेल्या. भाषा येत नव्हती. मग लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. इथं ज्यांना ताई-बाई म्हणायचे, त्यांनी तिथं परक्यांची भांडी घासली, आणि ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रातून आपली हकिकत सांगितली. आमच्या वाचनालयात मागून बघा, मिळालं तर सोडू नका.

आता मुलींच्या बाळंतपणाला आयाही जाऊ लागल्या आहेत. डिंकाचे लाडू घेऊन सहा महिन्यांसाठी गेलेली आई दोन महिन्यांत ‘माझं तिकीट काढ’ म्हणते. लेकराला तेल लावायचं, शेक द्यायचा, तर शेगडी पेटवायची कुठं इथपासून सुरुवात. पण एका आईचं मला कौतुक वाटतं. मराठी मंडळ तिथून दीड तासावर, इंग्रजी येईना. खाली बागेत बाबागाडी नेली तर एक बाई नातवाला तेलुगूत दटावत होती. भोकरच्या बाजारात ऐकून ऐकून येणारं आपलं मोडकंतोडकं तेलुगू तिने तिथंच बाहेर काढलं. त्या बाई निघाल्या वरंगळकडच्या. पाडव्याला, म्हणजे त्यांच्या उगादीला, दोघींनी मिळून पुरणपोळ्या केल्या. त्या बाई त्यांना बोब्बट्लू म्हणतात एवढाच काय तो फरक. धुराचं यंत्र वाजलंच, पण या वेळी टॉवेल हलवायला दोघी होत्या.