लाल शाईखालचे आकडे

इंग्लंडच्या १८५१च्या जनगणनेत माझ्या नवऱ्याची खापरपणजी सहा वर्षांची आहे आणि तिच्या नावापुढे चक्क धंदा लिहिलाय: काडाच्या वेण्या विणणारी. बेडफर्डशरमध्ये तेव्हा गावोगावच्या बायका आणि पोरं हेच करायची. गव्हाचं काड चिरायचं, तोंडात धरून ओलं करायचं आणि चालता-बोलता विणत राहायचं. वीस यार्डांची लड भरली की ती ल्यूटन किंवा डन्स्टेबलच्या बाजारात टोप्यांसाठी विकली जाई. पुढे चीन-जपानचा स्वस्त माल आला आणि हा धंदा बसला.

असल्या घरांत पत्रं नसतात, डायऱ्या नसतात. असतात त्या दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी. चर्चच्या वह्या १५३८ पासूनच्या, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. जनगणनेत घरोघरची नावं १८४१ पासून मिळतात, पण त्या साली मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली. नेमकं वय, घरातलं नातं आणि जन्मगाव हवं असेल तर १८५१ गाठावं. तिथवर जायचं ते मात्र आजी-आजोबांपासून एकेक पिढी मागे सरकत. एकाच नावाच्या दोघी एकाच गावात निघतात, आणि घाई केली की भलत्याच घरात शिरतो आपण.

खापरपणजीच्या लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या बापांची नावं आणि धंदे आहेत. आयांची नाहीत. इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला २०२१ साल उजाडलं. आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत लेकीसुना शोधणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही, पण मला अजून राग येतो. सहीच्या जागी तिची फुली आहे.

मग आली १९११ची जनगणना. त्याआधीच्या जनगणनांमध्ये आपल्याला दिसते ती प्रगणकाने उतरवून काढलेली वही. १९११चा मात्र कुटुंबाने स्वतः भरलेला कागद जपलाय. लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं: मुलं किती जन्मली, किती हयात, किती गेली? विधवांनी उत्तर द्यायचं नव्हतं. ती विधवा होती, तरी तिने कोणाकडून तरी लिहून घेतलं: ९, ४, ५. सरकारी कारकुनाने त्यावर लाल रेघ ओढली. आकडे त्या रेघेखाली स्वच्छ वाचता येतात. आयुष्यभर इतरांनी तिच्याबद्दल लिहिलं. न विचारता तिने सांगितलेली एवढीच एक गोष्ट.

हयात चौघं सहज सापडली. गेलेली पाच मुलं दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत येऊन गेलेली, म्हणून एकाही जनगणनेत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी जन्मसूची उपयोगी पडली. नव्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव जोडलंय. तिचं आडनाव घालून या पाचांतल्या चौघांचे जन्म मिळाले, मृत्यूच्या सूचीत त्यांची वयंही मिळाली. सर्वांत मोठं दोन वर्षांचं.

पाचवं मूल तिथे नाही. नोंदणी न केल्यास दंड लागू झाला तो १८७५ पासून. त्याआधी काही जन्म सुटून जात. त्यामुळे आता बेडफर्डच्या अभिलेखागारात गावच्या चर्चची दफनवही पाहते आहे. तिथे नसेल, तर मेथडिस्ट चॅपेलच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत.