पाणी फुटते तेव्हा : चाळीस वर्षांचा मागोवा

अतिनील प्रकाशाने पाण्याचा रेणू तुटतो, हायड्रोजनचा एक अणू निसटतो आणि हायड्रॉक्सिल उरतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. तो हायड्रॉक्सिल किती फिरतो, किती कंप पावतो, कोणत्या ऊर्जापातळीवर किती रेणू असतात, हे मोजायला मात्र लेझर यावे लागले.

१९८४ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे पीटर आंद्रेसेन आणि सहकाऱ्यांनी १५७ नॅनोमीटरच्या लेझरने पाणी फोडले. दुसऱ्या लेझरने हायड्रॉक्सिलला चमकवून त्यांनी एकेक पातळी मोजली. बहुतांश ऊर्जा तुकड्यांच्या वेगात गेली होती. फिरण्याच्या वाट्याला अगदी थोडी आली. या तरंगलांबीला रेणूचा १०४.५ अंशांचा कोन फारसा न उघडता बंध तुटतो, हे त्याचे कारण. पाण्याच्या रेणूंच्या थंड झोतात तर जवळजवळच्या जोडपातळ्यांपैकी वरच्या पातळीवर जास्त रेणू सापडले. वरच्या पातळीवरच्या अशा गर्दीमुळेच अवकाशातील हायड्रॉक्सिल मेसर, म्हणजे लेझरसारखे सूक्ष्मलहरींचे नैसर्गिक स्रोत, चालतात; त्यांचे कोडे यातून सुटेल, अशी आशा निर्माण झाली. पुढे खगोलशास्त्रज्ञांना मेसरचे अवरक्त किरणांवर आधारलेले स्पष्टीकरण अधिक पटले. मोजमाप मात्र टिकले.

१२१.६ नॅनोमीटरला चित्र पालटते. कोन झपाट्याने सरळ होऊ लागतो आणि त्या हिसक्याने हायड्रॉक्सिल प्रचंड वेगाने फिरतो. असे रेणू चमकवायला जावे तर ते चमकण्याआधीच तुटतात. बीलेफेल्डमध्ये कार्ल वेल्गे यांच्या गटाने त्यावर तोड काढली : निसटलेल्या हायड्रोजन अणूचाच वेग मोजायचा आणि एकूण ऊर्जेतून वजाबाकी करून हायड्रॉक्सिलची पातळी ओळखायची. याच पद्धतीच्या मापनांतून १९९९ साली दिसले की सम आणि विषम पातळ्यांवरील संख्या आलटून पालटून कमी-जास्त होते. रेणू तुटण्याच्या दोन वाटांचे ते व्यतिकरण होते. माझ्या मते या चाळीस वर्षांतला हा सर्वांत सुंदर निष्कर्ष. २०१९ मध्ये चीनमधील दालियनच्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरने ११५.२ नॅनोमीटरला असे हायड्रॉक्सिल दाखवले, ज्यांची अंतर्गत ऊर्जा स्वतःचा बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेहून जास्त होती.

२०२४ मध्ये वेब दुर्बिणीने ओरायन तेजोमेघातील एका ग्रहजनक तबकडीत वेगाने फिरणारे हायड्रॉक्सिल टिपले. पातळ्यांची वाटणी आधीच माहीत असल्यामुळे, तिथे पाणी किती वेगाने फुटते याचे गणित त्या प्रकाशावरून मांडता आले. मेसरसाठी पुढे केलेले स्पष्टीकरण मागे पडले, पण त्याच अभ्यासाची पुढची पायरी ग्रहांच्या जन्मस्थळी कामी आली. म्हणूनच मूलभूत मोजमापाला ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न विचारताना घाई करू नये.