युक्तिकृत बल आणि घरातील वजनसाहित्य : निवड, जोडणी व मात्रा

औषध लिहिताना आपण मात्रा, काल, अनुपान व पथ्य यांचा बारकाईने विचार करतो. त्याच पत्रावर शेवटी ‘व्यायाम करावा’ असे दोन शब्द लिहून मात्र मोकळे होतो. या सवयीचे फळ प्रस्तुत लेखकास आपल्याच चिकित्सालयात पाहावे लागले. गांधीबागेतील एक कापड व्यापारी, वय ५२, प्रमेही, दिवसभर गादीवर बैठक. ‘व्यायाम करा’ हा सल्ला त्यांनी मनावर घेतला आणि घरी एक मोठे बहुउद्देशीय यंत्र आणले. त्या यंत्रातील सर्वांत हलके वजनसुद्धा त्यांच्या खांद्याला जड होते. दोन महिन्यांत खांदा धरला आणि यंत्रावर कपडे वाळू लागले. दोष रुग्णाचा नव्हता. मात्रा न सांगता द्रव्य देणाऱ्याचा होता. त्या अनुभवातून हा लेख लिहिला आहे.

शास्त्राचा आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली दोन आपल्या हाती नाहीत. तिसरे आहार व चेष्टा यांच्या योजनेने मिळते, आणि वैद्याचे काम तेथेच आहे. व्यायाम किती करावा याचे उत्तर सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात अर्धबल असे दिले आहे. श्वास मुखावाटे सुरू होणे हे त्याचे लक्षण होय. कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे ही खूण टीकाग्रंथांत आढळते. आजचे व्यायामतज्ज्ञही नवशिक्यास सांगतात की आणखी दोन-तीन आवर्तने करता येतील अशा स्थितीत थांबावे. दोहोंचा आशय एकच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचे बल वाढविणारा व्यायाम सांगितला आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल व बल साधणारा व्यायाम ३ दिवस सांगितला आहे. केवळ चालण्याने ही गरज भागत नाही.

हा विचार आपल्या प्रांताला नवा नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. जुन्या आखाड्यात हलक्या मुद्गलापासून जड मुद्गलापर्यंत जोड्या असत आणि कोणी कोणती जोडी उचलावी हे वस्ताद ठरवीत असे. घरच्या व्यायामशाळेत वस्ताद नसतो. म्हणून मात्रा मोजण्याची सोय साहित्यातच असली पाहिजे.

साहित्याची निवड

साहित्य घेताना बहुतेक जण जास्तीत जास्त वजन किती, एवढेच विचारतात. खरा प्रश्न असा की वजन कमीत कमी कितीने वाढविता येते? ५ किलोच्या डंबेलवरून एकदम १० किलोवर जाणे म्हणजे मात्रा दुप्पट करणे होय. म्हणून ठोक वजनाच्या अनेक जोड्या घेण्यापेक्षा वजन बदलता येणारी एक जोडी घ्यावी.

औषधी दुकानदार बंधूंना हे तराजूच्या वजनांवरून सहज कळेल. प्रत्येकी २ किलोचे २ लहान दांडे आणि ५०० ग्रॅम, १ किलो व २ किलो यांच्या प्रत्येकी ४ चकत्या घ्याव्यात. एकूण भार केवळ १८ किलो होतो. परंतु तेवढ्यात प्रत्येक डंबेल २ किलोपासून ९ किलोपर्यंत एकेका किलोने वाढविता येते. प्रौढ नवशिक्यास पहिले काही महिने एवढे पुरते.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) चकतीचे छिद्र व दांड्याची जाडी जुळली पाहिजे. स्पर्धेच्या दांड्याची टोके ५० मिलीमीटर जाडीची असतात, तर घरगुती दांडे साधारण १ इंचाचे असतात. एकाच्या चकत्या दुसऱ्याला चालत नाहीत.

२) चकत्या ओतीव लोखंडाच्या किंवा रबरी आवरणाच्या असाव्यात. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या चकत्या स्वस्त पडतात. पण जाड असल्याने जागा अडवितात आणि पडल्यास तडकतात.

३) चकतीवर कोरलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत फरक असू शकतो. दुकानातील काट्यावर प्रत्येक चकती तोलावी व जवळच्या वजनाच्या चकत्या जोडीने वापराव्यात.

४) बाकाची भारक्षमता पाहताना स्वतःचे वजन व उचलावयाचे वजन यांची बेरीज धरावी.

५) लांब दांडा पहिल्याच दिवशी आवश्यक नाही. पुरुषांच्या स्पर्धेचा दांडा २० किलोचा व २.२ मीटर लांबीचा असतो. चकत्या चढविण्यास दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, ती लहान खोलीत मिळत नाही.

जोडणी व जागा

बाक जोडताना सर्व बोल्ट प्रथम हाताने सैल बसवावेत, बाक सपाट जमिनीवर उभा करावा आणि मगच समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळल्यास सांगाडा तिरका बसतो व डुगडुगतो. दोन आठवड्यांनी सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. लांब दांडा घेतलाच, तर तो ठेवण्याच्या स्टँडला खालच्या बाजूस सुरक्षा-आडवे असलेच पाहिजेत. चकत्या काढताना एका बाजूच्या सर्व काढू नयेत. दांडा कलून दुसऱ्या बाजूने उसळतो आणि पायावर येतो. दोन्ही टोकांच्या खिळी लावल्याविना एकदाही वजन उचलू नये.

निवासी खोलीची जमीन भारतीय मानकानुसार साधारणतः दर चौरस मीटरला २०० किलो चलभार धरून आखतात. त्यामुळे वरील साहित्याचा स्थिर भार पक्क्या स्लॅबला जड नाही. वजन आपटण्याचा धक्का मात्र घातक असतो. रबरी चटई अंथरावी. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर हे साहित्य ठेवू नये, तळमजला निवडावा. नागपुरात उन्हाळ्यात कूलरच्या ओलाव्याने उघड्या लोखंडावर गंज चढतो. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून यंत्रतेलाचा पातळ हात फिरवावा, आणि पकडण्याच्या जागी तेल राहू देऊ नये.

मात्रा, काल व निषेध

आरंभी आठवड्यातून २ दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बसणे-उठणे, ढकलणे, ओढणे व जमिनीवरून उचलणे अशा चार हालचाली, प्रत्येकी ८ ते १२ आवर्तने. १२ आवर्तने सहज होऊ लागली की मगच वजन १ किलोने वाढवावे व आवर्तने पुन्हा ८ वर आणावीत.

वाग्भटाचार्यांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात सांगितला आहे, अन्य ऋतूंत त्याहून कमी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या दिवसांत नागपूरकराने आवर्तने निम्मी करून व्यायाम पहाटे उरकावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना श्वासाची. चरकाचार्यांनी व्यायामाचे विवेचन नवेगान्धारणीय अध्यायात केले आहे, आणि त्याच अध्यायात श्रमजन्य श्वास हा अधारणीय वेग मानून त्याच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे म्हटले आहे. वजन उचलताना दम कोंडल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो, हे आज मोजून पाहता येते. वजन उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा.

अनियंत्रित रक्तदाब, हृद्रोग, आंत्रवृद्धी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया व मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार असता वजने देऊ नयेत, प्रथम संबंधित तज्ज्ञाचे मत घ्यावे. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास रिकाम्या पोटी व्यायाम सांगू नये. तृष्णा, क्लम, कास, छर्दी ही अतिव्यायामाची लक्षणे दिसताच मात्रा घटवावी.

औषधी दुकानदारांकडे वजन उचलणारे तरुण ‘ताकदीचे चूर्ण’ मागतात. घटक न छापलेले चूर्ण कोणासही देऊ नये. अशा चुर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे.

समारोप

त्या व्यापारी रुग्णाचे यंत्र पुढे विकले गेले. खांदा बरा झाल्यावर त्यांना २ किलोची जोडी, ८ आवर्तने, सोमवार व गुरुवार असे लेखी दिले. वर्षअखेर ते ६ किलोवर होते, आणि गादीवरून उठताना हाताचा टेकू घेणे सुटले होते. आपल्या औषधपत्रावर व्यायामासाठी एक ओळ असतेच. तीत वजन, आवर्तने, वार व ऋतू एवढे चार शब्द वैद्यबंधूंनी अवश्य लिहावेत.