दोन नंबरचा सिलिंडर

सकाळी ९.०० : नांदेडच्या लातूर फाट्याकडे आमचं गॅरेज. पोरगा दारात पाणी मारतो न मारतो तोच एक मास्तर गाडी घेऊन हजर. "मिस्त्री, सिग्नलला उभी राहिली की थरथरायलीय बघा. अन् इंजिनची पिवळी लाइटबी जाईना." प्लगला ठिणगी देणारी कॉईल दुसऱ्या एका गॅरेजात नुकतीच बदललेली. लाइट गेली, अन् पुन्हा आली. बॉनेटला हात लावण्याआधी मी विचारून घेतो. थंड असताना जास्त की तापल्यावर? रेस दिल्यावर कमी होतं का? मास्तर म्हणाले, स्लोला थरथर, रेसला बरी.

९.३० : स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. अमेरिकेत १९९६ पासून हे सक्तीचं. आपल्याकडे बीएस-४ प्रदूषण नियमांच्या काळात आलं. एरर पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरात मिसफायर. कोड पुसण्याआधी वहीत लिहिला. एरर आली त्या वेळचे आरपीएम, इंजिनाचं तापमान हेही गाडी नोंदवून ठेवते. ते पुसलं की गेलं.

१०.१५ : दोन नंबरची कॉईल एकला, एकची दोनला. कोड पुसला, गाडी स्लोला ठेवली. थोड्या वेळात पी०३०१ आला. दोष कॉईलबरोबर सरकला, म्हणजे कॉईलच खराब. एक पैशाचा पार्ट न घेता एवढं कळतं. पण नवी कॉईल इतक्यात कशी गेली?

११.०० : कॉईल उजेडात धरली. खालचं रबर फुगून लिबलिबीत झालेलं, बोटाला तेल. त्यावर केसाएवढी काळी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता इथून बाहेर पळते. बॅटरी मारून प्लगच्या खड्ड्यात पाहिलं, तर तळाशी इंजिन ऑइल साचलेलं. वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन गळतंय. पोरगा पाना घेऊन प्लगकडे निघाला, त्याला थांबवला. आधी लांब स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून तेल टिपायचं, नाहीतर प्लग सुटताच ते सिलिंडरात उतरतं.

दुपारी १२.३० : मुलीला भेटायला लातूरला निघालेल्या एका काकांचा अहमदपूरजवळून फोन. लातूरला शिकवणीला पोरं ठेवलेल्या आईबापांच्या गाड्या या रस्त्यावर रोजच्या. "लाइट नुसती लागलीय की लुकलुकतीय?" लुकलुकत होती. म्हटलं, काका, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. मिसफायर जोरात असला की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो तापून निकामी होतो, अन् त्याच्यापुढे कॉईल स्वस्त. लाइट स्थिर असती अन् तापमानाचा काटा, ऑइलची लाइट ठीक असती, तर हळू चालवत या म्हटलं असतं.

२.०० : बाजारातून पॅकिंगचा सेट, प्लगच्या नळ्यांचे सील, कॉईल आली. इंजिन थंड झाल्यावरच कव्हर सोडलं. जुनं पॅकिंग हातात घेताच तुटलं. बसवण्याची जागा पुसून कोरडी केली, बोल्ट मधून बाहेर, हलक्या हातानं आवळले. जोर लावला तर नवंही गळणार.

५.०० : एकजण म्हणाला, "तेवढी लाइट घालवून द्या, गाडी विकायचीय." कोड पुसून दोष जात नाही. काही किलोमीटरांत लाइट परत येते. शिवाय कोड नुकता पुसलाय हे जाणत्या मिस्त्रीला स्कॅनरवर दिसतं. मी नाही म्हटलं.

६.३० : मास्तरांची गाडी विष्णुपुरीपर्यंत नेऊन आणली. एसी लावून स्लोला उभी केली. आरपीएम जागचे हलेनात, नवा कोड नाही.

७.१५ : बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहिली. मास्तरांनी विचारलं, "नुसतं बघायचे पैसे?" होय. स्कॅनर कोणत्या सिलिंडरात बिघाड आहे ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही; ते शोधण्यातच आमची सकाळ गेली. तुम्हीही गाडी दिलीत तर आधी कोडचा नंबर लिहून मागा, काढलेला पार्ट परत मागा, आणि पार्ट का गेला याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू देऊ नका.