एक लाइन, दोन अवजारे

पोकलेन भाड्याने चालविणाऱ्या बांधवांनो, दगड फोडायचा ब्रेकर आणि दगड धरायचा चिमटा, दोघांना तेल पुरविणारी जादा लाइन बहुधा एकच असते. दर वेळी पाइप सोडले की वेळ जातो, तेल सांडते, धूळ शिरून पंप खराब होतो. यावर उपाय डायव्हर्टर व्हॉल्व्ह. बटण दाबताच तेलाची वाट बदलते. मात्र एका वेळी एकच अवजार चालते.

व्हॉल्व्ह ब्रेकरला लागणाऱ्या तेलाच्या मापाचा घ्यावा; लहान घेतल्यास तेल तापते. कॉइल १२ व्होल्टची की २४, हे गाडीप्रमाणे पाहावे. जोडणीपूर्वी इंजिन बंद करून दाब उतरवावा. गळती हाताने तपासू नये. बारीक धार कातडीत शिरते.

आम्ही कापडवाले, पण स्वस्त माल शेवटी महाग पडतो, हे सर्वच धंद्यांत खरे.